एकोणीस रकान्यांचा मी

‘२ जून, सोमवार. ऊन कडक, आभाळ कोरं, दुपारी लू. कूलरमध्ये दोनदा पाणी भरलं. आज संपर्काचा फॉर्म सुरू केला. रकाने झाले : सात.’

ही माझ्या पोटातली पहिली ओळ. माझा जन्म तिथून धरायचा.

मी एक फॉर्म बोलतोय. कागदी नव्हे, वेबसाइटवरचा. ‘संपर्क साधा’ असं लिहिलेलं एक शेवटचं पान असतं ना, जिथं पोचायच्या आधीच माणसं फोन खिशात घालतात, तिथं मी राहतो. वेबसाइटचं नाव ‘नागसेन वेब सेवा’. मालकाचं नाव नागसेन ढोके, वय सत्तेचाळीस, राहणार इंदोरा, नागपूर.

पोटातल्या ओळींचं आधी सांगतो. कोड लिहिताना काही ओळी विशिष्ट खुणा करून लिहिता येतात. यंत्र त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पाहुण्यालाही त्या पानावर दिसत नाहीत. मुरलेले लोक तिथं ‘हे इथं का केलं’ एवढंच टिपून ठेवतात. नागसेन फोनवर व्हिडिओ बघून शिकला. त्यातला पोरगेला मास्तर म्हणाला, ‘रोज काय केलं ते टिपेत लिहीत चला.’ नागसेननं बाकीचे धडे तीन-तीनदा बघितले. हा एकदाच बघितला आणि त्या दिवसापासून तारीख, वार, हवामान आणि दिवसभराचं काम माझ्या पोटात लिहायला लागला. जगात फॉर्म पुष्कळ असतील. आपल्या जन्माच्या दिवशी कूलरमध्ये किती वेळा पाणी भरलं हे माहीत असलेला मी एकटाच.

सातावर तो थांबला असता तर ही कहाणी झालीच नसती. पण नागसेन बावीस वर्षं तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करायचा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नावात बदल, जे म्हणाल ते. मग सगळे अर्ज ऑनलाइन झाले, आणि एके दिवशी टेबलाला गिऱ्हाईक नाही अन् कडुलिंबाला सावली देण्याखेरीज काम नाही अशी वेळ आली. तेव्हा हा गृहस्थ टेबल घरी घेऊन आला, त्यावर जुना लॅपटॉप ठेवला आणि वेबसाइट बनवायला शिकला.

टेबल बदललं नाही, तशी सवयही बदलली नाही. चार जूनला माझे रकाने अकरा झाले. सहा जूनला पंधरा. नऊ तारखेला मी एकोणीस रकान्यांचा धडधाकट अर्ज होऊन उभा राहिलो. संपूर्ण नाव, आडनाव प्रथम. वडिलांचे किंवा पतीचे नाव. जन्मगाव. कायमचा पत्ता, तात्पुरता पत्ता. वेबसाइट बनवून घेण्याचा उद्देश, थोडक्यात. यापूर्वी अन्यत्र वेबसाइट बनवली असल्यास तिचा तपशील. अठरावा रकाना स्वाक्षरीचा. एकोणिसावा, ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी व बरोबर आहे.’ आणि शेवटी हिरवं बटण : ‘अर्ज दाखल करा.’

त्याची मुलगी मोनाली बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिनं मला पहिल्यांदा बघितलं आणि हातातला चहा टेबलावर ठेवला.

“बाबा, हा संपर्काचा फॉर्म हाये का जमिनीचा फेरफार?”

“काहून वं?”

“गिऱ्हाईकाले तुमी बापाचं नाव विचारून राहिले!”

“असावं माहीत. एकच नावाचे दोन माणसं निघाले तर?”

“बाबा, एक तर येऊ द्या आधी. मंग दोघांचं पाहू.”

तिचं बोलणं वावगं नव्हतं. एक तरी येणं फार गरजेचं होतं, आणि त्याचं कारण वैदेही मॅडम. आयटी पार्कजवळच्या एका छोट्या कंपनीत त्या माणसं नेमायचं काम बघायच्या. नागसेन मे महिन्यात त्यांच्याकडे जाऊन आला होता. अर्जात अनुभवाच्या जागी त्यानं ‘बावीस वर्षे’ लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, “सर, वेबचा अनुभव?” तो म्हणाला, “तो तुमच्याकडे काम केल्यावर मिळेल.” त्या हसल्या, पण चांगल्या मनानं. म्हणाल्या, “जागा एकच आहे. एका खऱ्या गिऱ्हाईकाची, खरोखर वापरात असलेली साइट दाखवा. घरच्यांची नको, सरावाची नको. एकोणतीस ऑगस्टपर्यंत थांबते.”

अनुभव असल्याशिवाय काम नाही आणि काम केल्याशिवाय अनुभव नाही, याचं नागसेनला नवल वाटलं नाही. रेशन कार्डासाठी रहिवासी दाखला आणि रहिवासी दाखल्यासाठी रेशन कार्ड मागणाऱ्या खिडकीसमोर त्याची हयात गेली होती. असल्या गाठी धीरानं सुटतात, एवढं त्याला ठाऊक होतं.

तो धीर माझ्या पोटात असा उतरला :

‘१९ जून. ढगाळ. कोणी आलं नाही. बटणाचा रंग निळा केला.’

‘२० जून. भुरभुर पाऊस. कोणी आलं नाही. बटण पुन्हा हिरवं.’

‘२१ जून. उघडीप. कोणी आलं नाही. निळाच बरा होता.’

अगदीच कोणी आलं नाही असं म्हणणं मात्र अन्याय होईल. इंटरनेटवर मोकाट फिरणारी यंत्रं असतात. दिसेल त्या फॉर्मात जाहिराती कोंबत जातात. ती आली. माझ्याबद्दल चकार शब्द न काढता एकोणीसच्या एकोणीस रकाने भरले. वडिलांच्या नावाच्या जागी वजन कमी करायच्या गोळ्या, कायमच्या पत्त्यावर झटपट कर्ज. नागसेननं पहिल्या यंत्राला रीतसर उत्तर धाडलं : ‘आपला अर्ज प्राप्त झाला. वडिलांचे नाव कृपया तपासून पाठवावे.’ मोनालीनं ते वाचलं आणि ती उशीत तोंड घालून बराच वेळ हसली.

माणसं घरबसल्या येत नाहीत म्हटल्यावर नागसेन माणसांकडे गेला. जाड कागदाची कार्डं घरीच कापून त्यानं गांधीबाग आणि इतवारीची एकेक गल्ली धरली. हातगाड्या चुकवत तो दुकानात शिरायचा, गर्दी ओसरेपर्यंत कोपऱ्यात उभा राहायचा, मग कार्ड द्यायचा. गांधीबागेतल्या एका साडीवाल्यानं, भैय्याजीनं, ते गल्ल्यावरच्या काचेखाली सरकवलं आणि चक्क मला उघडलं. मी श्वास रोखून धरला. नाव लिहिलं. वडिलांचं नावही लिहिलं. सहाव्या रकान्यावर बोट थांबलं, ते थांबलंच.

चार दिवसांनी नागसेन त्याच्या दुकानात गेला तेव्हा मी नागसेनच्या खिशातल्या फोनवर उघडाच होतो. ऐकणं भाग होतं.

“नागसेनभाऊ, बसा. मले एक सांगा, मी वेबसाइट बनवून राहिलो का शाळेत नाव घालून राहिलो?”

“काहून, काय झालं गा भैय्याजी?”

“सहाव्या खान्यात तुमी जन्मगाव विचारलं. बापा, मी जन्मलो मामाच्या घरी का आपल्या घरी, मले काय मालूम? आईले फोन लावला. आई म्हणे, इतक्या दिवसानं फोन केला, कोणी मेलं काय? मंग अर्धा घंटा तिनं मलेच झाडलं. तवरिक तुमचा फॉर्म पुसल्या गेला.”

“मंग पुन्हा भराचा.”

“पुन्हा?” भैय्याजीनं नोकराला हाक मारली. “अरे, नागसेनभाऊले चहा सांग. साइट राहू दे, चहा घे गा तू.”

त्या दिवशी पोटात ओळ आली : ‘४ जुलै. दमट. भैय्याजींनी चहा पाजला. त्यांचं जन्मगाव पवनी निघालं. काम नाही.’

मग मोनालीच्या सांगण्यावरून नागसेन एका रविवारी धरमपेठेतल्या कॅफेत गेला. तिथं वेबसाइट बनवणारी तरुण मंडळी महिन्यातून एकदा जमायची; ओळखी व्हायच्या, कामं मिळायची. दारातली मुलगी अदबीनं म्हणाली, “काका, पालकांसाठी बाहेर खुर्च्या आहेत.” नागसेन वीस मिनिटं बाहेर बसला. नियम असेल, असं त्याला वाटलं. मग आत गेला, डायरी काढली आणि चौदा जणांची नावं व नंबर लिहून घेतले, आडनाव प्रथम. त्यांच्या ग्रुपवर त्यानं माझा पत्ताही टाकला. मिनिटाभरात अकरा हसरे चेहरे आले. त्याला वाटलं, पोरांना आवडला.

चौदातल्या एकाला मात्र हसून झाल्यावर काहीतरी सुचलं. उन्मेष उपासनी त्याचं नाव. त्यानं नागसेनला बाजूला घेतलं. “काका, राग नका मानू. पण हा फॉर्म मी माझ्या आजोबांना पाठवू का? ते असं काही भरायला मिळावं म्हणून तरसतात.”

“पाठव ना बेटा,” नागसेन म्हणाला. त्या मुलाच्या नावापुढे त्यानं डायरीत बरोबरची खूण केली. बाकीच्या तेरा जणांनी पाठवू का, असं विचारलं नव्हतं.

घरी तोवर माझ्या मरणाचा मुहूर्त ठरला होता. मोनालीनं बापाला शब्दात पकडलं होतं : सोमवारी ती कॉलेजातून आली की दोघांनी बसून माझे सोळा रकाने पुसायचे, नाव-फोन-निरोप एवढेच ठेवायचे. नागसेन हो म्हणाला, पण ‘पुसायचे’ हा शब्द टिपेत लिहिताना त्यानं तो दोनदा खोडला. मला कळतं ते.

आणि १४ जुलै, सोमवार, सकाळी सहा चाळीसला कोणीतरी माझ्या पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं.

आडनाव प्रथम : उपासनी मार्तंड त्र्यंबक. मी वाट बघत होतो, आता जाईल, आता जाईल. तो गेला नाही. जन्मगाव ठणठणीत लिहिलं. कायमचा पत्ता, तात्पुरता पत्ता, दोन्ही लिहून खाली ‘दोन्ही एकच’ असा खुलासा. उद्देशाच्या रकान्यात आकडे घालून चार मुद्दे. स्वाक्षरी कागदावर करून तिचा फोटो. त्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठाही आला होता. सोबत आधार, विजेचं बिल आणि पेन्शनच्या पुस्तकाचं पहिलं पान. सात बावन्नला त्यानं ‘अर्ज दाखल करा’ दाबलं. एक तास बारा मिनिटं! इतकं कोणी माझ्याजवळ बसलं नव्हतं. शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं :

‘रकाना ४ व ११ एकच माहिती मागतात, एक कमी करावा. बाकी फॉर्म उत्तम. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी नीट विचारलं.’

नागसेननं ते उभ्यानंच वाचलं, खाली बसून पुन्हा वाचलं, आणि रकाना अकराची दुरुस्ती ताबडतोब करून टाकली. तरी मोजताना एकोणीसच राहिले पाहिजेत म्हणून ‘पिनकोड’ वेगळा काढला. मोनालीचा मुहूर्त टळला.

मार्तंडराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सरकारी कचेरीत अडतीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. आता धरमपेठेतल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाचे चिटणीस. अठरा ऑगस्टला मंडळाची सहल चिखलदऱ्याला जायची होती, चौतीस जणांची. मागच्या वर्षी नावं फोनवर घेतली, तेव्हा हाहाकार झाला होता.

“साखरेवाल्यांना बासुंदी गेली आणि धडधाकट माणसं कारल्याची भाजी खात बसली,” मार्तंडरावांनी नागसेनला सोफ्यावर बसवून सांगितलं. “मला अशी साइट हवी, ढोके, की जिथं प्रत्येक जण स्वतःच्या हातानं सगळं भरेल. तुम्ही काही सोडत नाही, हे मी बघितलं.”

आतून त्यांच्या पत्नी, यमुताई, पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. “आणि घोरण्याचं विचारा हो त्यात. मागच्या वेळी माझ्या खोलीत तिघी अशा घोरल्या, की मी रात्रभर व्हरांड्यात जप केला.”

नागसेननं डायरीत लिहिलं : ‘घोरणे. होय/नाही.’

तीन आठवड्यांत माझा धाकटा भाऊ जन्मला. एकतीस रकान्यांचा! गुडघे, बी.पी., चहा साखरेचा की बिनसाखरेचा, श्रावणी सोमवारचा उपवास आहे का, असल्यास साबुदाणा चालतो का, बसमध्ये खिडकी हवी का. (चौतीसपैकी चौतीस जणांना पुढची खिडकी हवी होती.) मंडळी हरखून गेली. फायली घेऊन, चष्मे पुसून ती फॉर्म भरायला बसली. कोणी अडलं की फोन यायचा. नागसेन “जय भीम, बोला” म्हणायचा आणि पलीकडच्या आजी गुडघ्यापासून सुरू करायच्या.

आणि तिथंच तो फसला. तहसीलच्या रिवाजाप्रमाणे त्यानं नियम घातला होता, एकदा दाखल केलेला अर्ज बदलता येणार नाही. नोंदणीचा शेवटचा दिवस दहा ऑगस्ट. आठ तारखेला मार्तंडरावांनी घोरण्यापुढे ‘नाही’ लिहून अर्ज दाखल केला. नऊला ते यमुताईंनी वाचलं.

“खोटं लिहिलंय यांनी! सरळ खोटं!” फोनवर यमुताईंचा आवाज मोनालीलाही स्वयंपाकघरात ऐकू गेला. “चौपन्न वर्षं ऐकतेय मी. दुरुस्त करा, ढोके.”

मागून मार्तंडराव : “अर्जदाराच्या सहीशिवाय दुरुस्ती होत नाही!”

“मग मी माझा अर्ज मागे घेते. आणि ज्यांचे ज्यांचे यजमान ‘नाही’ लिहून मोकळे झालेत, त्या सगळ्याजणींना सांगते.”

दुपारपर्यंत सात अर्ज मागे घेतल्याचे निरोप आले. सहल मोडली असती तर साइट वापरात आली नसती, आणि साइट वापरात आली नसती तर एकोणतीस ऑगस्टला दाखवायला नागसेनकडे मी आणि माझी जाहिराती कोंबणारी यंत्रं, एवढेच उरलो असतो.

तो टेबलाशी बसून राहिला. नियम मोडायचा म्हणजे त्याच्या बावीस वर्षांच्या जिवावर आलं होतं.

मोनालीनं त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. “बाबा, तहसीलमध्ये एकाच्या अर्जावर दुसऱ्याची तक्रार असली तर काय करत होते?”

“त्याचं म्हणणं लिहून घेत होतो. वेगळ्या कागदावर.”

“मंग घ्या ना.”

संध्याकाळी बत्तिसावा रकाना उघडला : ‘घोरण्याबाबत जोडीदाराचे म्हणणे.’ अर्जदाराचा अर्ज तसाच राहिला. खोल्यांचं वाटप मात्र बत्तिसाव्या रकान्यावरून झालं. यमुताईंनी एकट्यांनी तो चार ओळींचा भरला. सातही अर्ज परत आले. सहल धुक्यात जाऊन आली. घोरणारे एका मजल्यावर, न घोरणारे दुसऱ्या. मार्तंडराव घोरणाऱ्यांच्या मजल्यावर होते, ‘निषेधासह’.

तेवीस तारखेला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावाची ईडा-पीडा बाहेर नेणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक बघून मोनाली घरी आली. लॅपटॉपवर मी अजून एकोणीस रकान्यांनिशी तसाच. तिनं माझ्याकडे बोट करून आरोळी ठोकली, “ईडा-पीडा, एकोणीस रकाने घेऊन जा गे मारबत!” नागसेनही हसला. मला हसू आलं नाही.

एकोणतीसला वैदेही मॅडमनी सहलीची साइट बघितली. बत्तिसाव्या रकान्यापाशी त्या खुर्चीत मागे रेलून खो खो हसल्या. मग मला उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी काहीतरी दाबलं, आणि माझं पोट त्यांच्यापुढे उघडं पडलं.

त्या वाचायला लागल्या. दोन जून, लू. एकोणीस जून, निळा. वीस जून, हिरवा. भैय्याजींचा चहा. त्यांनी सगळं वाचलं. नागसेन गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

“हे बाहेरच्या कुणालाही दिसतं, माहीत आहे?”

“आता माहीत झालं, मॅडम.”

“हरकत नाही. एकही दिवस चुकलेला नाही तुमचा. पण संपर्काला एकोणीस रकाने कशासाठी?”

नागसेन म्हणाला, “मॅडम, माझ्या टेबलाशी काटोलकडून, भिवापूरकडून लोक यायचे. अर्जात एक रकाना रिकामा राहिला, की खिडकीतून माणूस परत. त्याची त्या दिवसाची मजुरी गेली, एसटीचं भाडं गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा तो. म्हणून मी आधीच सगळं विचारून घेतो. कोणाला परत यावं लागू नये म्हणून.”

वैदेही मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मघासारखं नाही, जरा निराळं.

“तुमच्यापुढे तो माणूस बसलेला असायचा, सर. इथं तो उभा असतो, एक पाय दाराबाहेर. आधी त्याला आत घ्या, मग विचारा.” त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. “चार रकाने ठेवा. दहा मिनिटं.”

पहिल्यांदा पिनकोड गेला. मग जन्मगाव, मग तात्पुरता पत्ता. मी डोळे मिटून घेतले होते. पण दुखलं नाही. नागसेन पुसत नव्हता. प्रत्येक रकान्याच्या मागे-पुढे त्या टिपेच्या खुणा घालत होता. यंत्रानं बघू नये, एवढंच. वडिलांचं नाव माझ्या पोटात दोन जूनच्या लूशेजारी जाऊन बसलं. स्वाक्षरी भैय्याजींच्या चहाशेजारी.

“काढून नाही टाकले?” मॅडमनी विचारलं.

“झाकून ठेवले. पुढे-मागे कोणाला लागले तर.”

आज मी चार रकान्यांचा आहे. नाव, फोन, काय हवं, आणि केव्हा फोन करू. अंगावर वारा लागल्यासारखं वाटतं. माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. पुढच्या वेळी एखाद्या लांबलचक फॉर्मावर चिडून फोन आपटाल, तेव्हा क्षणभर थांबा. त्यामागे कोणाला तरी तुमची दुसरी खेप वाचवायची असेल. आणि जमल्यास वडिलांचं नाव खरं लिहा. यंत्रं नाही लिहीत.

पोटातली शेवटची ओळ :

‘२९ ऑगस्ट, शुक्रवार. ढगाळ, दुपारी एक सर. दहा मिनिटांचं काम नऊ मिनिटांत झालं. तीन महिन्यांच्या उमेदवारीवर घेतलं. १ सप्टेंबर, सोमवार, सकाळी दहाला हजर व्हायचं. भैय्याजींचा अर्ज संध्याकाळी ५.२० ला आला. रकाने चार, चारही भरलेले.’